बायका आशेने निघाल्या नव्हत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात ईस्टरनिमित्त एका पाळकसाहेबांचा चिंतनपर लेख छापलात, त्याबद्दल आधी आभार. चांगलं अर्धं पान दिलंत. सिंहस्थाच्या बातम्यांतून अर्धं पान मोकळं करणं सध्या किती अवघड आहे, हे आम्हा नाशिककरांना कळतं. लेखाची भाषा गोड होती. कडेला पांढऱ्या लिलीचं चित्र होतं. (लिली आमच्यात कोणी वाहत नाही. झेंडू, मोगरा आणि निशिगंध, तोही शनिवारी पंचवटीच्या फुलबाजारात घासाघीस करून आणलेला.) शनिवारच्या अंकात येशूच्या मरणाच्या दिवसाला 'गुड फ्रायडे उत्साहात साजरा' हा मथळा होता, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ते दरवर्षी लिहून झालं आहे, आणि तुम्ही ते दरवर्षी छापलेलं नाही.

माझं भांडण लेखातल्या एका वाक्याशी आहे. पहाटे त्या स्त्रिया मोठ्या आशेने येशूच्या कबरेकडे निघाल्या, असं पाळकसाहेब लिहितात. पुढे पालवी, वसंत, नवी उमेद वगैरे येतं. ते एक वेळ चालेल. पण आशेने? कसल्या आशेने?

पाळकसाहेबांना शास्त्र शिकवावं अशी माझी पात्रता नाही. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि रविवारी संडेस्कूलची पोरं सांभाळली, एवढंच. पण बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय उघडायला पदवी लागत नाही. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे यांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली. कशाला? प्रेताला लावायला. जिवंत माणूस भेटेल म्हणून कोणी प्रेताचं सामान घेऊन निघत नाही. शुक्रवारी दिवस मावळत आला होता, शब्बाथ लागणार होता, घाईघाईत देह कबरेत ठेवला गेला. काम अर्धं राहिलं. ते पुरं करायला त्या निघाल्या. आणि वाटेत त्यांच्या डोक्यात काय होतं, तेही मार्कने लिहून ठेवलंय: तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटणार? ही आशा आहे का? ही तर किराणा आणायला निघालेल्या बाईची काळजी आहे, दुकान उघडं असेल का नाही.

योहान सांगतो की निकदेम नावाच्या माणसाने गंधरस आणि अगरू ही सुगंधी द्रव्यं आणून देहाला आधीच लावली होती. ते वजन आजच्या मापात 33 किलोच्या आसपास भरतं. तरी मार्क आणि लूक यांच्याकडे बायका आपलं वेगळं सामान घेऊन येतातच. चार शुभवर्तमानांत तपशील जुळत नाहीत यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय. मला तरी यात न जुळण्यासारखं काही दिसत नाही. पुरुषांनी आवरलेलं स्वयंपाकघर ज्या बाईने पाहिलंय, तिला विचारा.

आणि शेवट? कबर रिकामी दिसल्यावर त्या आनंदाने गात परतल्या, असं लेखात आहे. मार्कमध्ये त्या थरथर कापत पळाल्या आणि घाबरून कोणाला काही बोलल्या नाहीत. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथेच थांबतो. लूकमध्ये त्यांनी येऊन सांगितलं, तर प्रेषितांना ती बायकांची बाष्कळ बडबड वाटली. लेखात हेही नव्हतं. जागा कमी पडली असेल, लिलीचं चित्र मोठं होतं.

हे मला का लागलं, ते सांगते. आमच्या मंडळीत कोणी बाई गेली की रात्री-अपरात्री मला निरोप येतो. मी आणि आणखी दोघीतिघी जातो, अंघोळ घालायला. अंग ताठायच्या आत हनुवटी पट्टीने बांधावी लागते, पायाचे अंगठे बांधावे लागतात. पाणी कोमट लागतं, कशाला ते कोणी विचारत नाही. त्या खोलीत काय बोलणं चालतं, सांगू? "अजून एक बादली आण." "बांगडी निघत नाहीये, साबण लाव." "ही साडी नको गं, तिला आवडायची नाही." शेवटी युडीकोलन लावायचं, केस विंचरायचे, मग पुरुषांना आत बोलवायचं. ते पेटी घेऊन येतात आणि पाळकसाहेब आशेवर बोलतात.

मृताची सेवा या गावाला नवी नाही. शरणपूर रोडवरच्या पार्किंगच्या बातम्या तुम्ही आठवड्याला एक छापता. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथे मिशनच्या शाळेत शिकली, हे कधी छापलंत का? त्यातलाच एक जेकब वेनराइट. 1873 साली डेव्हिड लिव्हिंगस्टन हा मिशनरी आणि शोधप्रवासी आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं काळीज झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती या नाशिकला शिकलेल्या मुलाने. मग त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी तो देह मीठ लावून, उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत आणि कापडात गुंडाळून नऊ महिन्यांत समुद्रकिनाऱ्यावर पोचवला. पाय ओढत, आजारी पडत. ती माणसंही काही पालवी बघत चालली नव्हती. असो, विषय भरकटला.

माझे मिस्टर 2021 च्या एप्रिलमध्ये गेले, ईस्टर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. तेव्हा शहरात काय चाललं होतं, ते तुमच्या तेव्हाच्या अंकांत आहे. एवढ्यांना मी अंघोळ घातली, पण माझ्या माणसाला मला हात लावू दिला नाही. चूक कोणाची नव्हती, नियम होता. चेन लावलेली प्लास्टिकची पिशवी, पांढऱ्या कपड्यातले चौघे, मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षात. नाव विचारून खात्री केली, एवढंच. इस्त्री केलेला निळा सूट कपाटात तसाच राहिला. सदऱ्याचं वरचं बटण सैल झालं होतं, ते आदल्या रात्री मी लावून ठेवलं होतं. कोण घालणार होतं, ठाऊक नाही.

मग मीच पॉझिटिव्ह. खोलीत सतरा दिवस. अठराव्या दिवशी पहाटे उठले, पिशवीत टॉवेल, कंगवा आणि युडीकोलनची बाटली टाकली आणि कबरस्तानात गेले. कंगवा का घेतला, विचारू नका. फाटकाला कुलूप होतं. आता हे कोण उघडणार, म्हणून मी तिथेच पायरीवर बसले. तेव्हा मला मार्कचा सोळावा अध्याय कळला, संपादक महाशय. तीस वर्षं ऐकला होता, कळला तेव्हा. मी तिथे कसलीही आशा घेऊन बसले नव्हते. काम राहिलं होतं.

उजाडल्यावर राखणदार आला. त्याने काही न विचारता कुलूप काढलं. कबर म्हणजे ढेकळांचा उंचवटा, डोक्याशी लाकडी क्रूस, त्यावर मार्करने आकडा. नाव नंतर आलं. मी बाटली ओतली. मातीने ती इतक्या पटकन पिऊन टाकली की वास यायला क्षणभर लागला, आणि आला तो ओल्या मातीचा आला, युडीकोलनचा मागून. राखणदार लांबून म्हणाला, "बाई, झाडाला पाणी पाहिजे का? आणून देऊ?" तिथे झाड नव्हतं. मी हो म्हटलं. त्याने खरंच बादली आणली.

योहानात मरीया उठलेल्या येशूला माळी समजते, ते वाचताना पाळकसाहेब नेहमी हसतात. मी हसत नाही.

तेव्हापासून दर ईस्टरला एक छोटी बाटली नेते. काल पहाटे पाच वाजताची उपासना होती. पौर्णिमा गुरुवारी झालेली, त्यामुळे चंद्र पश्चिमेला अजून बऱ्यापैकी होता आणि मेणबत्त्यांची तशी गरजही नव्हती. (जाता जाता: 'ईस्टरची तारीख दरवर्षी पोप ठरवतात' ही तुमच्या चौकटीतली माहिती चुकीची आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, इतकं सोपं आहे. परवा हनुमान जयंती झाली, तीच पौर्णिमा. आमचाही सण चंद्रावरच चालतो.) पाळकसाहेबांनी "प्रभू उठला आहे" म्हटलं, आम्ही "खरोखर उठला आहे" म्हटलं. मी ते म्हणते, आणि मनापासून म्हणते. माझा विश्वास गेला, असा अर्थ कोणी काढू नये. बायकांच्या हातातलं सामान काढून घेऊ नका आणि त्याजागी आशा देऊ नका, इतकंच म्हणणं आहे. बाकी ज्याचं त्याने केलं, त्या बायकांना ते माहीत नव्हतं.

आता शेवटचं. आजच्या अंकात पान चारवर त्याच पहाटेचा फोटो आहे. ओळ अशी: 'दीपोत्सवात रंगल्या ख्रिस्ती भगिनी'. दीपोत्सव नव्हता आणि रंगलं कोणी नव्हतं. एकीची ओढणी मेणबत्तीने जळता जळता राहिली, ती आरडाओरड त्या फोटोत आहे. खुलासा छापाल तर बरं, न छापाल तर नेहमीप्रमाणे.

पण त्या फोटोत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, कठड्यालगतच्या कबरेवर, एक लहान बाटली दिसते. ती माझी आहे. म्हणून त्या फोटोची स्वच्छ प्रत मला हवी आहे, पेपरातली नको, त्यात डोक्याचा क्रूस कापला गेलाय. सकाळी तुमच्या कार्यालयात फोन केला तर जाहिरात विभागाला जोडून दिला आणि तिथल्या मुलीने चौथ्या पानाचा दर सांगितला. फोटोग्राफरने कडा न कापलेली प्रत ठेवली असेल तर कळवावं, होईल तो खर्च देईन. मी दहानंतर घरीच असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक