विषय: आमच्या वरच्या फ्लॅट 302 च्या खुर्च्या ओढण्याचा आवाज (पत्र चौथे)

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी कमिटी,
हिंदवाडी, बेळगाव

स. न. वि. वि.

पहिलं पत्र जूनमध्ये दिलं, तेव्हा "बघूया की" म्हणालात. दुसऱ्याची पोच मिळाली. तिसरं वॉचमनच्या टेबलावर चहाच्या कपाखाली मी डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला हायपरअक्युसिस, म्हणजे साधे आवाजही सहन न होण्याचा त्रास, आहे. मीटिंगमध्ये कुणीतरी "कान कच्चे आहेत" म्हणालं. कान कच्चे नाहीत, तपासणी नॉर्मल आली आहे. आवाज किती मोठा मानायचा हे मेंदूत ठरतं आणि तिथलं बटण त्याच्याकडे वर चढलेलं आहे, असं आम्हाला समजावलं गेलं. आपल्याला नुसतं 'कर्र' ऐकू येतं, त्याला ते दुखतं. हा हट्ट नव्हे.

302 कडे जेवणाच्या टेबलाला सहा लोखंडी खुर्च्या आहेत. गेल्या रविवारी मुलगा पोळीचा घास तोंडाजवळ नेत होता, वर खुर्ची ओढली गेली, घास ताटाबाहेर पडला आणि मुलगा टेबलाखाली शिरला. पाऊण तास बाहेर आला नाही. मी स्वखर्चाने खडेबाजारातून खुर्च्यांच्या पायांना बसवायच्या 24 रबरी टोप्या आणून दिल्या होत्या. त्या अजून त्यांच्या चपलांच्या स्टँडवर आहेत. पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नाही.

302 चं म्हणणं, "तुमचाच पोरगा डबा बडवतो, गुरुवारी तुमच्याकडे भजन असतं, तेव्हा बरं त्रास होत नाही!" नाहीच होत. डबा तो स्वतः वाजवतो, पुढचा ठोका कधी पडणार हे त्याला ठाऊक असतं. टाळ काढण्याआधी आम्ही त्याला सांगतो. न सांगता डोक्यावर कोसळणारा आवाज वेगळा. (भजन साडेनऊला संपतं. क्वचित दहाला.)

"कानात कापूस घाला" हा सल्ला आपण लिफ्टपाशी दिलात. डॉक्टरांनी नेमकं तेच करू नका म्हणून बजावलंय. कान सतत झाकले की साधे आवाजही जास्त टोचू लागतात. फटाक्यांपुरता हेडफोन चालतो. शिवजयंतीचे चित्ररथ निघतात त्या रात्री आम्ही त्याला घेऊन खानापूरला सासुरवाडीला जातो. त्याबद्दल मी कधी तक्रारीची एक ओळ लिहिली?

केंद्राच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या मोबाइलवर खुर्चीचे 68 आले. "ते नियम खुर्च्यांसाठी नाहीत," असं सेक्रेटरी म्हणाले. 104 च्या काकू आणि 201 चे मास्तर माझ्याच बाजूचे आहेत. सही मागितली तेव्हा "नंतर बघू" म्हणाले, पण ते संकोचापोटी.

लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावरच उघडं राहतं आणि तिच्यातली रेकॉर्डवरची बाई "प्लीज क्लोज द डोअर" म्हणून ओरडत बसते, हेही नोंदवून ठेवतो. ड्रिल मारायचं असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर वेळ टाकावी. तेवढ्यानेही त्याला पुष्कळ फरक पडतो.

टोप्या बसवायला दहा मिनिटं लागतात. 302 ला जमत नसेल तर मी येत्या रविवारी सकाळी अकराला वर जाऊन बसवून देतो. हे कृपया आपण त्यांना कळवावं. मी बेल वाजवली तर ते दार उघडत नाहीत.

कळावे,
फ्लॅट 202