नरकासुराचे डोळे चमकत का नाहीत?

मा. संपादक,
स. न.

चतुर्थी उलटली की गोव्यात वाड्यावाड्यांवर नरकासुराचे सांगाडे उभे राहतात आणि जांभळ्या दिव्याखाली चमकणाऱ्या रंगांची खरेदी सुरू होते. डोळे-दात झगझगीत दिसावेत म्हणून पुडीवर पुडी डब्यात रिकामी होते, आणि रंग दाट होईल तशी चमक मरत जाते. दोष दिव्याचा नसतो.

ऱ्होडामाइन ६जी या गुलाबी रंगाच्या अल्कोहोलमधल्या विरल द्रावणात रेणू सुटे असतात; शोषलेल्या शंभर प्रकाशकणांमागे सुमारे ९५ ते परत देतात. गर्दी झाली की हे चपटे रेणू भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकमेकांना चिकटतात. एकाने घेतलेली ऊर्जा शेजाऱ्याकडे, तिथून पुढच्याकडे सरकत अशा एखाद्या जोडीत अडकते आणि उष्णता होऊन संपते. म्हणूनच कोरडी पूड निस्तेज दिसते.

घरी रंग करायचा तर १ ग्रॅम पूड १ लिटर पाण्यात विरघळवावी. त्यातले १० मिली, म्हणजे १० मिलिग्रॅम रंग, १०० मिली पारदर्शक पॉलिव्हिनिल अल्कोहोल गोंदात घालावे. हातमोजे घालावेत, डाग कित्येक दिवस जात नाही. ओल्या रंगावर भरवसा ठेवू नये. गोंदात दहा टक्केच घन भाग असेल, तर पाणी उडाल्यावर रंगाची दाटी दहापट होते. रात्री झकास दिसलेला रंगाचा हात सकाळी मंद पडतो तो त्यामुळे. चाचणी पूर्ण वाळलेल्या पट्टीवरच घ्यावी आणि रंग निम्म्या-निम्म्याने कमी करत जावे.

बाटलीत फक्त दिव्याकडची कडा चमकत असेल तर घाबरू नये. पुढचा थर प्रकाश पिऊन टाकतो, मागे पोहोचतच नाही. दोन काचांमध्ये एक थेंब दाबून पाहावा. पातळ थरही मंद असेल तर मात्र रेणू चिकटलेत. पाण्यातल्या द्रावणात सोडियम डोडेसिल सल्फेट हा साबणासारखा पदार्थ घातला तर ते सुटे होतात, पण लिटरला सुमारे २.३ ग्रॅमच्या वर गेल्यावरच. त्याहून कमी घातल्यास साबण आणि रंग मिळून आणखी गुठळ्या करतात, चमक घटते.

घन रंगातही रेणू वेगळे ठेवता येतात. २०२० साली इंडियाना आणि कोपनहेगन विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञांनी सायनोस्टार हे रंगहीन, कड्यासारखे रेणू धनभारित रंगांच्या सोबत असणाऱ्या ऋण आयनांभोवती, म्हणजे ऋणभारित कणांभोवती, बसवले. आयन जाडजूड झाले, रंगाचे रेणू दूर राहिले आणि घन पदार्थ द्रावणासारखा चमकला. आपल्या मंडळांच्या खिशाला ते कुठले परवडायला!

दुकानातल्या तयार फ्लोरोसंट रंगात मात्र रंगद्रव्य राळेच्या बारीक कणांत आधीच विरळ विरघळवलेले असते. त्यात वरून पूड ओतू नये. हा रंग अर्धपारदर्शक असल्याने खाली पांढऱ्या रंगाचा एक हात द्यावा आणि तो वाळल्यावरच वर चढवावा.

— एक वाचक, फोंडा