मिनिटकाटा दोघांचा एकच

बेळगाव, नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

रविवारी तुम्ही तिकडं कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला घड्याळं तासभर मागं घेतलीत आणि इकडं वडगावात तुझ्या घरी काकूंचं तुझ्याशी रोज फोनवर बोलायचं सगळं गणित कोलमडलं. मार्चपासून छान बसलं होतं. रात्री साडेआठला त्यांची मालिका संपायची, तुझे तेव्हा दुपारचे साडेबारा, जेवणाची सुट्टी. आता साडेआठला तुझे साडेअकरा आणि तू कामात. तुझी सुट्टी होईपर्यंत आमचे साडेनऊ वाजतात, आणि काकू तर पहाटे पाचला उठून दारात सडा टाकणाऱ्या. परवा मला हाक मारून विचारलं, "तिकडच्या सरकारला दुसरं काम नाही काय रे?" मी समजावायला गेलो की उन्हाळ्यात उजेड लई असतो, तो संध्याकाळी कामी यावा म्हणून असं करतात. "उजेड पडला की उठायचं, त्याला घड्याळ कशाला?" म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

त्यांचंही चुकत नाही म्हणा. आपल्याकडं जूनमध्ये सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात सहाच्या. तासाभराच्या फरकासाठी कोण घड्याळ फिरवणार? तुझ्याकडं जूनमध्ये रात्री नऊला मावळतो आणि डिसेंबरात चार वाजून दहा मिनिटांनी दिवस संपतो. तू कामावरनं सुटतोस तोवर अंधार, आणि इकडं मी दुसऱ्या पाळीतनं येऊन झोपलेला. उद्यमबागेतली पाळी रात्री बाराला सुटते. तिसऱ्या गेटाजवळ चहा घेताना मोबाईल बघतो तर तुझे दुपारचे तीन. चारदा वाटतं फोन लावावा, पण भर दुपारी तुझ्या साहेबासमोर 'काय रे बा, जेवलास काय' असं मोठ्यानं ओरडायला कसंतरी होतं.

एक गंमत मात्र मला आवडली. उन्हाळ्यात आठ तास आणि हिवाळ्यात नऊ, असा फरक बरोब्बर पुरा बसतो. टोरांटोच्या पाहुण्यांशी बोलायचं तर साडेनऊ नाहीतर साडेदहा तासांची वजाबाकी करावी लागते. जगाची वेळ ज्या ग्रिनिचपासनं मोजतात, त्याच्या तुमची सेंट जॉन्सची मूळ वेळ साडेतीन तास मागं आणि आपली साडेपाच तास पुढं. दोन्हीकडं अर्धा तास, म्हणून मिनिटकाटा दोघांचाही एकाच जागी.

पण दोन्ही अर्धे तास सारखे नाहीत, हे मी परवा नीट बसून वाचलं. तुमचा अर्धा तास तुमच्याच सूर्याचा आहे. सेंट जॉन्सची जुनी वेळ ग्रिनिचच्या मागं ३ तास ३० मिनिटं ५२ सेकंद होती, १९३५ मध्ये वरचे ५२ सेकंद तेवढे सोडून दिले. आपला अर्धा तास मिर्झापूरजवळनं जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचा. बेळगाव साधारण साडेचौऱ्याहत्तर अंशावर, म्हणजे आठ अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं. कपिलेश्वराच्या देवळावर सूर्य खरा डोक्यावर येतो तो घड्याळात सरासरी साडेबारा वाजून गेल्यावर. १९०६ पासनं आपण हे मिर्झापूरचं घड्याळ वापरतोय आणि कुणाची काही तक्रार नाही. नावावरनं, पाटीवरनं, बसवरच्या अक्षरांवरनं इथं मोर्चे निघतात, पण बत्तीस मिनिटं गेली त्याचं कुणालाच सुखदुःख नाही.

तुमचे लोक मात्र खमके निघाले. १९४९ मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात गेलं ते आदल्या वर्षी मतदान घेऊन, तेही जेमतेम ५२ टक्क्यांनी. देश बदलला, घड्याळ ठेवलं. १९६३ मध्ये सरकारनं शेजारच्या प्रांतांशी वेळ जुळवायचा घाट घातला तर लोक एवढे खवळले की सरकारला माघार घ्यावी लागली. मला हे वाचून लई बरं वाटलं बघ. आपल्याला १९५६ च्या १ नोव्हेंबरला मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात घातलं, तेव्हा कुणी मत विचारलं नाही. २००४ पासनं सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तारखा पडतात. यंदाही १ तारखेला एकीकडं आपल्या लोकांची काळ्या दिनाची फेरी, दुसरीकडं चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि डीजे. दोन्हींच्या मधल्या गल्लीत माझा कन्नड बोलणारा शेजारी आणि मी दूध आणायला निघालो होतो. तो म्हणाला, "आज संध्याकाळपर्यंत रस्ता काही मोकळा होत नाही." मराठीत म्हणाला, मी कन्नडात हो म्हटलं.

आणि उलटा मामला बघ. इथं तुरमुरी सोडून शिनोळीत शिरलं की राज्य बदलतं, पाट्या बदलतात, गाड्यांचे नंबर केए-२२ चे एमएच-०९ होतात, आणि घड्याळ तेच. तुमच्याकडं लॅब्राडोर तुमच्याच प्रांतात, पण त्याचा आग्नेयेकडचा किनारा सोडला तर बाकीचं घड्याळ तुमच्या मागं अर्धा तास. सीमा कुठं दाखवायची हे ज्याचं त्यानं ठरवावं, दुसरं काय.

तुझे म्हातारे घरमालक पूर्वी बोटीवर होते असं तू लिहिलंस. १९९२ मध्ये कॉड मासा पकडायला बंदी आली आणि तीसेक हजार लोकांची कामं गेली, ते वाचताना तुझ्या बाबांनी माग भंगारात घातले तो दिवस आठवला. वजनकाट्यावर लोखंड चढवताना त्यांनी धोटा तेवढा बाजूला काढून खिशात ठेवला होता. आता २०२४ मध्ये बंदी उठली म्हणतात. तुझे घरमालक परत समुद्रावर गेले काय, विचारून कळव. वडगावात माग अजून आहेत, पण तुमच्या गल्लीत दुपारी आवाज येत नाही, झोप लागते चांगली.

धुकं इकडंही पडतंय, तुमच्यासारखं दिवसभर नाही, आठला विरतं. येळ्ळूरच्या शिवारात बासमतीची कापणी चालू आहे. सिग्नल हिलचा फोटो काकूंना दाखवला. याच टेकडीवर १९०१ मध्ये मार्कोनीनं समुद्रापलीकडनं आलेला बिनतारी संदेश ऐकला, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग ह्याचा आवाज तिथनं मधेच का तुटतो?"

तर असं ठरवलंय. मार्चपर्यंत रोजचा फोन बंद, रविवारी तुझ्या सकाळी नऊला लाव, आमचे संध्याकाळचे सहा असतात. मी तिथं हजर असतो. मोबाईल मलाच धरावा लागतो, नाहीतर काकू तुला नुसतं कपाळ दाखवत बसतात. त्या रविवारी जाडा स्वेटर घालून बस, गेल्या खेपेला नुसत्या बनियनवर दिसलास म्हणून दोन दिवस मला ऐकून घ्यावं लागलं.

तुझाच,
शहापूरचा दोस्त