हातात काय उरतं?

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "एवढे पैसे घालून गाणं ऐकायला जायचं, आणि अडीच तासांनी हातात काय उरतं?" मी "नंतर बोलते" म्हणून विषय टाळला. फोन ठेवल्यापासून चुटपुट लागून राहिली आहे. प्रश्न साधा होता आणि खरा होता. ज्यांनी मला पै-पैचा हिशेब लिहायला शिकवलं, त्यांना असं अर्धवट उत्तर देणं बरं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तूही वाच. यातलं बरंचसं तुझ्यासाठी आहे.

बाबा, तुम्ही लावलेली सवय मोडलेली नाही. नोकरी लागल्यापासून खर्चाची वही ठेवते आणि तिच्या मागच्या पानांवर ऐकलेल्या कार्यक्रमांची नोंद करते. तुमचा फोन झाल्यावर तीच पानं काढून बसले. १२ वर्षांत २७ कार्यक्रम. प्रत्येकापुढे तिकीट, त्यावरचा बुकिंग चार्ज, जाण्यायेण्याचा खर्च आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेला एक शब्दाचा शेरा. ११ ठिकाणी 'वसूल', ७ ठिकाणी 'ठीक', ९ ठिकाणी 'वाया'. म्हणजे तीनातला एक कार्यक्रम वाया गेला, हे आधीच कबूल करते. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे.

पण वाया गेलेले कोणते ते पाहिलं तेव्हा मलाच काहीतरी उमगलं. ९ पैकी ६ मोठ्या मैदानांवरचे होते, आणि वहीतलं सगळ्यात महागडं तिकीट त्यांतच आहे. त्या रात्री मी स्टेजपासून इतकी लांब उभी होते की गायक नखाएवढा दिसत होता. सगळेच पडद्याकडे बघत होते. मीही. पडद्यावर ड्रमची काठी खाली यायची आणि ठोका मागाहून यायचा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर मीटरवर उभं राहिलं तर पाव सेकंदाहून जास्त उशीर होतो, आणि प्रकाशाला तर जवळजवळ वेळच लागत नाही. म्हणून मैदानात मध्ये मध्ये मनोरे उभे करून त्यांवर स्पीकर लावतात आणि त्यांतला आवाज मोजून उशिरा सोडतात, म्हणजे तो स्टेजकडून येणाऱ्या आवाजाशी जुळतो. त्या मैदानात मागच्या भागासाठी तसं काहीच केलेलं नव्हतं. मी रांगेत दोन तास उभी राहून, गर्दीत ढकलाढकली सोसून, शेवटी एक मोठा टीव्ही बघून आले, आणि त्याचाही आवाज चित्राशी जुळत नव्हता. त्या पानावर 'वाया' लिहिताना पेन जोरात दाबलेलं अजून दिसतं.

दोन दिवस कान वाजत होते ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सुचवली आहे: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. तेव्हापासून मोठ्या आवाजाच्या ठिकाणी कानात इअरप्लग घालते. आई, तू काळजी करतेस म्हणून मुद्दाम सांगितलं.

हा मोठ्या मैदानांचा दोष आजचा नाही. बीटल्स या इंग्लिश बँडने तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये झाला. त्या काळात लोकांच्या किंचाळण्यात त्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नसे. ज्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही, त्यांना ऐकायला आलेल्यांच्या पदरी काय पडणार? नंतर त्यांनी दौरे बंद केले आणि स्टुडिओतच काम केलं. तुमच्या बाजूने आणखी एक मोठा साक्षीदार आहे. ग्लेन गूल्ड हा पियानोवादक १९६४ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, जाहीर कार्यक्रम कायमचे सोडून मोकळा झाला. संगीताची खरी जागा ध्वनिमुद्रणात आहे असं त्याचं मनापासूनचं मत होतं, आणि १९८२ साली जाईपर्यंत तो परत स्टेजवर आला नाही. तेव्हा घरी बसून ऐकणं हे कमी दर्जाचं ऐकणं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. मला गाणं मिळालं ते तुमच्या कॅसेटमधूनच. बुटांच्या खोक्यात लावून ठेवलेल्या, पाठीवर तुमच्या अक्षरात नावं लिहिलेल्या त्या कॅसेट नसत्या, तर मी आज एकाही कार्यक्रमाला गेले नसते.

आता त्या ११ 'वसूल' कार्यक्रमांबद्दल.

त्यांतल्या एकाचंच सांगते, कारण तो बाकीच्यांची बाजू मांडतो. लहानसं सभागृह होतं, शंभर-सव्वाशे खुर्च्या. मी तिसऱ्या रांगेत. पडदा वर गेला आणि गायकांनी गायला सुरुवातच केली नाही. दोन तंबोरे लावत बसले. पंचम, मग जोडीच्या तारा, मग खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची तार. पाच मिनिटं झाली, सात झाली. माझ्या शेजारचे गृहस्थ घड्याळ बघू लागले. मग गायकांनी एका तंबोऱ्याच्या घोडीवर खर्जाच्या तारेखालचं सूत बोटाच्या टोकाने सरकवलं. किती? केसाएवढं. आणि त्या तारेचा आवाज उघडला, बाबा. आधी 'टण्' होऊन विझणारी तार एकदम झणझणत लांब जायला लागली. जवारी लागणं म्हणजे काय, ते इतकी वर्षं फक्त वाचलं होतं. दोन्ही तंबोरे एकत्र सुरू झाल्यावर थोड्या वेळाने मला गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, ऐकू आला. तो कुणी छेडत नव्हतं. चार तारांत गंधाराची तार नाहीच. खर्जाच्या तारेतून जे वरचे वरचे स्वर आपोआप निघतात, त्यांत मूळ स्वर पहिला धरला तर पाचवा म्हणजे गंधार. म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी मान वळवून बघितलं, कुणी हळूच गुणगुणतंय का. कुणी नाही. स्वर होता आणि गाणारं कुणी नव्हतं.

त्याच गायकांचं ध्वनिमुद्रण माझ्या फोनवर आहे. ते सुरू होतं ते थेट आलापापासून. ती सात मिनिटं कापलेली आहेत. कापणाराची चूक नाही. घरी बसून सात मिनिटं तंबोरा लावणं कोण ऐकेल? पण माझ्या तिकिटाचे पैसे त्या सात मिनिटांतच वसूल झाले होते.

ध्वनिमुद्रणाला सुरुवातीपासूनच काहीतरी कापून ठेवावं लागलं आहे. १९०२ साली गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हा रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर चालणारा राग त्यांनी तीन मिनिटांत बसवला आणि शेवटी स्वतःचं नाव सांगितलं. केवढं कसब ते! ते तीन मिनिटांचं गाणं आज आपल्यापर्यंत पोचलं ही त्या यंत्राचीच कृपा. तरी उरलेला तास त्या दिवशी कुणाच्यातरी समोर बसून ऐकणाऱ्यांनाच मिळत होता.

आणखी एक गोष्ट वाचल्यापासून डोक्यात घर करून बसली आहे. १८९५च्या सुमारास हार्वर्डमध्ये एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेलं कळायचं नाही. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते सुधारायचं काम दिलं. हा माणूस रात्री, सगळीकडे सामसूम झाल्यावर, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, खोलीत मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. मग सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. गाद्या वाढल्या की घुमणं कमी होतं. मग त्याने माणसं बसवून मोजलं. माणसंही आवाज शोषतात. त्याच अभ्यासावर १९०० साली बॉस्टनचं सिंफनी हॉल उभं राहिलं, शास्त्र वापरून बांधलेलं पहिलं संगीतगृह म्हणून ते ओळखलं जातं. मला यातलं काय भिडलं सांगू? रिकाम्या सभागृहातला आवाज वेगळा आणि भरलेल्या सभागृहातला वेगळा. मी खुर्चीत बसते तेव्हा माझ्या अंगावरचे कपडे, माझं शरीर त्या आवाजात थोडा फरक करतं. जो आवाज मी त्या रात्री ऐकला, तो आम्ही शंभर जण तिथे होतो म्हणून तसा होता.

तिकिटं एवढी महाग का, हेही तुम्ही विचारलं होतं. बुकिंग चार्ज मलाही टोचतो, त्याचं समर्थन मी करत नाही. पण मूळ कारण जुनं आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली ते मांडलं. कारखान्यात यंत्रं आली की तोच माल कमी माणसांत, कमी वेळात होतो. चार वादकांची रचना मात्र दोनशे वर्षांपूर्वी जेवढ्या माणसांनी, जेवढ्या मिनिटांत वाजवली, तेवढ्याच माणसांनी आणि तेवढ्याच मिनिटांत आजही वाजवावी लागते. बाकीच्यांचे पगार वाढत जातात तसं त्या चौघांनाही पोट भरायला जास्त लागतं, पण काम काही लवकर उरकत नाही. म्हणून जिवंत गाणं इतर वस्तूंच्या मानाने महागच होत जाणार. तो अडीच तास गाणारा माणूस त्यामागे किती वर्षं पहाटे उठला असेल, ते धरलं तर मला तरी ते तिकीट महाग वाटत नाही.

या सगळ्या हिशेबातून मी स्वतःपुरतं ठरवलं आहे ते असं. मैदानांवर जाणार नाही. हप्त्यावर किंवा उसने पैसे घेऊन तिकीट कधीच काढणार नाही. वर्षाला दोनच कार्यक्रम, पण लहान सभागृहात आणि पुढच्या रांगांत, जिथे माइक बंद पडला तरी आवाज पोचेल. पाच मैदानांच्या पैशांत असे दोन सहज बसतात, वहीत जुळवून बघितलं.

आई, तू दरवेळी म्हणतेस, "तुम्ही जा, मला कुठे कळतंय त्यातलं." मी लहान असताना बाबांची कॅसेट चालू असायची आणि तू कपड्यांच्या घड्या घालत असायचीस. एका कॅसेटमध्ये एक जागा होती, तार षड्जावरून, म्हणजे वरच्या 'सा'वरून, खाली येताना गायक मध्येच थांबायचे आणि मग एकदम उतरायचे. ती जागा आली की तुझा हात थांबायचा. दरवेळी. घडी अर्धी, हात तसाच हवेत. ते उतरले की तू घडी पुरी करायचीस. रागाचं नाव तुला तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नसेल. मला गाण्यात थांबायचं कुठे हे कळलं ते तुझ्या हातावरून. तुला कळत नाही असं पुन्हा म्हणू नकोस.

आणि बाबा, आता जे लिहायला हात जड होतोय ते. मागच्या वेळी आले तेव्हा आई म्हणाली "सात वाजले" आणि तुम्ही विचारलंत, "आठ?" टीव्हीचा आवाजही वाढला आहे. वयाबरोबर आधी उंच आवाज जातात. स, श, फ अशी अक्षरं तिथेच असतात, म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द नीट लागत नाही. खालचे आवाज बराच काळ टिकतात. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज अगदी खाली असतो, आणि मी सांगितला तो गंधारही साधारण साडेतीनशे हर्ट्झच्या आसपासच येतो. तुमचा श्रवण तपासणीचा कागद मी फोटो काढून आणला होता, तो समोर ठेवून बघितलं. त्या भागात तुमची रेघ अजून वर आहे. तो गंधार तुम्हाला ऐकू येईल. आज येईल. पाच वर्षांनी येईलच असं मी धरून चालणार नाही.

म्हणून तिकिटं काढली आहेत, तीन. तुम्ही रागवाल हे माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. यंदाच्या माझ्या दोन कार्यक्रमांपैकी हा एक, तेव्हा माझ्या तिकिटाचा वेगळा खर्च नाही. गायक तेच आहेत. सभागृह तसंच लहान आहे, पायऱ्या चढायच्या नाहीत. तुमचा उजवा कान जास्त मंद आहे, म्हणून चौथ्या रांगेत उजव्या बाजूच्या कडेच्या खुर्च्या घेतल्या आहेत. म्हणजे डावा कान स्टेजकडे राहील, आणि मध्ये उठावंसं वाटलं तर कुणाला ओलांडावं लागणार नाही.

बाबा, तुमचं कानाचं यंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. तंबोऱ्यासारखा लांब चालणारा स्वर आला की कधी कधी ते त्याला शिट्टी समजून दाबायला बघतं. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्राम असतो. या आठवड्यात जाऊन तो सुरू करता येतो का ते विचारून घ्या. आई, नव्या बॅटऱ्यांचं पाकीट पर्समध्ये टाक. आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं आहे. तंबोरे लावायला लागतील तेव्हा आपण खुर्चीत असलं पाहिजे.

तुमची,
ताई