विजापुरातील विश्रांतीचा दिवस

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आज सायकलला पूर्ण सुट्टी आहे. बाबा, अंगात जोम असताना मुक्काम कशाला वाढवायचा, असे तुम्ही फोनवर विचारले होते. सलग काही दिवस सायकल चालवल्यावर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे ऊर्जेसाठी साठवलेल्या साखरेचा, साठा उतरत जातो आणि तो भरून यायला एका रात्रीची झोप नेहमीच पुरते असे नाही. म्हणून पाय जड होण्याआधीच थांबलेले बरे. सकाळी साखळी पुसून तिला तेल दिले, ब्रेकचे रबर तपासले आणि पायीच शहर पाहायला निघाले.

गोलघुमट उघडताच आत गेले. 1656 साली वारलेल्या महंमद आदिलशहाची ही कबर. बाहेरून सुमारे 44 मीटर व्यासाच्या घुमटाखाली एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी त्याचा भार भिंतींवर उतरवतात. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याचा जिना चढून वरच्या सज्जात पोहोचले, तेव्हा फारसे कोणी नव्हते, त्यामुळे भिंतीशी पुटपुटलेले शब्द पलीकडच्या टोकाला कसे स्वच्छ ऐकू येतात, याचा अनुभव घेता आला.

आई, माझे मन मात्र गुंतले ते या शहराच्या पाण्यात. उघड्या माळावरून सायकल चालवताना पुढची बाटली कुठे भरायची हा विचार क्षणभरही डोक्यातून जात नाही, आणि म्हणूनच जवळ मोठी नदी नसलेल्या या कोरड्या पठारावर एवढी राजधानी नांदली कशी, हे मला जाणून घ्यायचे होते. पश्चिमेकडील तोरवीहून आणि दक्षिणेकडील बेगम तलावातून जमिनीखालून पाणी आणलेले होते, आणि वाटेत ‘गंज’ नावाचे दगडी मनोरे होते, ज्यांत पाण्याचा दाब कमी होई व गाळ तळाशी बसे. दुपारी ताज बावडीच्या भव्य कमानीपाशी, तिच्या दोन्ही अंगांच्या अष्टकोनी बुरुजांकडे पाहत बराच वेळ बसले. घुमट एका राजासाठी उभा राहिला, पण ही बांधणी साऱ्या शहराची तहान भागवण्यासाठी झाली, आणि ज्यांनी ती केली त्यांच्याबद्दल मला अधिक आदर वाटतो. सायकलवरून भरभर पुढे गेले असते तर हे मनोरे माझ्या नजरेलाही पडले नसते.

मलिक-ए-मैदान तोफही पाहिली. 1549 साली अहमदनगरला ओतलेली ती प्रचंड तोफ इथवर कशी ओढून आणली असेल, याचेच नवल वाटत राहिले.

उद्या उजाडण्यापूर्वी बागलकोटच्या रस्त्याला लागू आणि कोल्हारपाशी कृष्णा ओलांडू. पुढे बदामीचा बेत आहे. ऊन चढण्याआधी जास्तीत जास्त अंतर कापायचे असल्याने सकाळी फोन करता येणार नाही. मुक्कामी पोहोचल्यावर संध्याकाळी नक्की करीन. दोघांनीही औषधे वेळेवर घ्यावीत.

तुमची लाडकी लेक