फळ्या ठोकण्याआधी : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात कंटेम्पररी, म्हणजे शास्त्रीय चौकटीबाहेरचं आजच्या काळातलं नृत्य करते, बसवते आणि शिकवते. असं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे टीव्हीवर असतंय तसलं?" नाहीतर, "झुंबा काय ओ?" वाद घालायचं मी कधीच सोडून दिलंय. तुम्हालाही त्यात गुंतवत नाही. माझं मागणं पायाखालच्या जमिनीपुरतं आहे.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेल्या त्या वास्तूचा रंगमंच राख झाला. आठवीत असताना मी त्या फळ्यांवर कथक केलं होतं. नाच कसा झाला ते आठवत नाही, पण पाय आपटला की खालून आवाज परत यायचा, तो अजून तळव्यात आहे. नाट्यगृह महापालिकेचं असलं तरी पुनर्बांधणीला पैसा शासनाचा आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

पुढे बेंगळुरूला कंटेम्पररी शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं की जमीनसुद्धा नाचते. त्याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात. खाली रबराचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्यांचे आडवे-उभे थर, मध्ये मोकळी जागा, वर प्लायवूड आणि सगळ्यात वर विनाइलचा रोल. उडी मारून खाली येताना अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार पायावर येतो. त्यातला काही ही जमीन गिळते. आमच्या नाचात लोळणं, कोसळणं, खांद्यावरून पलटी घेऊन उठणं सतत असतं, म्हणून आम्हाला तिची गरज जास्त.

परत आल्यावर मी लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या फरशीवर, गच्चीवर शिकवलं. एका सभागृहात छान लाकडी स्टेज दिसलं म्हणून हुरळून महिनाभर तालीम केली. लाकूड कसलं, काँक्रीटवर चिकटवलेला पातळ थर होता. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरून विचारलं, "नाचता ते ठीक, पण कशावर नाचता?" तीन महिने घरी बसले. त्या काळात क्लासची फी बंद, दोन कार्यक्रम हातचे गेले. नाचणाऱ्याला आजारपणाची रजा नसते.

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या क्लासला कुस्तीच्या तालमीत जाणारा एक पोरगा येतो. पहिल्या आठवड्यात त्याला पडायला शिकवत होते. मी शिकवत होते असं मला वाटत होतं. तो माझ्यापेक्षा सुरेख पडत होता, पाठीची गोलाई करून, मान आत घेऊन. चौथ्यांदा पडल्यावर कोपर चोळत म्हणाला, "मॅडम, इथं लागतंय. आमच्या मातीत लागत न्हाई."

मग एका पहाटे त्याच्या तालमीत गेले. कुस्तीच्या मातीच्या हौद्यात बायकांनी उतरायचं नाही, म्हणून उंबऱ्यावर उभी राहिले. (त्याबद्दलही कधीतरी लिहीन.) वस्ताद दोन पोरांकडून फावड्यानं लाल माती खालवर करून घेत होते. ढेकूळ दिसलं की स्वतः वाकून बोटांनी फोडायचे. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. मी विचारलं, "रोज?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं विचारलंच नाही.

त्या तालमीतून माझं पंचवीस मिनिटांचं नृत्य तयार झालं. त्यात सलामी आहे, शड्डू आहे, बैठका आहेत, धोबीपछाड अर्ध्यावर हवेत थांबवलेली आहे. यात मी जगावेगळं काही केलं नाही. नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखांनी 1980 च्या दशकातच भरतनाट्यमशेजारी कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग उभा केला होता. कंटेम्पररी नर्तक अस्ताद देबूंनी मणिपूरच्या ढोलवादकांबरोबर काम केलं. कोल्हापूरच्या नाचात कुस्ती आली नाही तरच नवल. पण प्रयोगाच्या दिवशी स्टेजवर गालिचा अंथरला होता, पोरगा पलटी मारताना तो सरकला आणि पहिल्या रांगेत हशा पिकला. त्यानंतर त्याच्या आईला समजावायला मला चहा तीनदा प्यावा लागला.

खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना खेटून आहेत. मल्लाच्या अंगाखाली माती कशी असावी, याचं शास्त्र या गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. भिंतीच्या अलीकडे मात्र रंगमंच म्हणजे वर दिवे, मागे पडदा, समोर खुर्च्या. खाली काय आहे, हे कुणी विचारत नाही.

म्हणून विनंती एवढीच : रंगमंचाचा नकाशा पक्का होण्याआधी आम्हा नाचणाऱ्यांना, कथक-भरतनाट्यमवाल्यांना आणि लोककलावंतांनाही, तासभर बसवून तो दाखवावा. फळ्या थेट काँक्रीटवर बसवू नयेत. नाटकाच्या जड सेटचं ओझं आणि खिळे स्टेजला सोसावे लागणार, हे मला कळतं. म्हणून विनाइल कायमचं चिकटवा असं म्हणत नाही. रोल घेऊन ठेवावेत, नाचाच्या दिवशी अंथरावेत, नंतर गुंडाळून ठेवावेत. आणि नाटक नसेल त्या सकाळी तालमीसाठी स्टेज परवडेल अशा भाड्यात मिळावं.

दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात, लोककलेचे मिळतात, आमचे मिळत नाहीत. त्यामुळे नववी संपली की माझा क्लास निम्मा होतो. पण ते रडगाणं वेगळ्या पत्रात.

काम पूर्ण झाल्याचं आपल्या अधिकाऱ्यांनी लिहून देण्याआधी एक निरोप पाठवावा. मी आणि तो पोरगा अनवाणी येऊ. तो दहा वेळा पडेल, मी दहा उड्या मारीन. दहा मिनिटांत काम होईल.

आपली,
कोल्हापूरची एक नृत्यशिक्षिका