सहल लांबच पाहिजे असं कुणी ठरवलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की शाळांच्या सहलीची चिठ्ठी घरात येते म्हणून आत्ताच लिहिते. गेल्या वर्षी माझी मुलगी पाचवीत होती, तेव्हा त्यांची सहल दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वॉटरपार्कला गेली. शाळेचं नाव देत नाही कारण एका शाळेचा प्रश्न नाहीच हा, ओळखीत चार ठिकाणी विचारलं तर सगळीकडे हेच. पहाटे चारला पोरं थंडीत कुडकुडत बसजवळ उभी आणि रात्री साडेबाराला परत, घाटात निम्म्या मुलांना उलट्या, पैसे भरले ते वेगळेच. काय बघितलंस गं असं विचारलं तर म्हणाली स्लाइडला रांग मोठी होती, दोनदाच नंबर लागला.

त्याच आठवड्यात तिला शाळेतून प्रोजेक्ट होता, आपल्या गावाला पाणी कुठून येतं? तिनं लिहिलं, टाकीतून. मला खरंच वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती, आम्ही तिला कधी बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोपच्या जलाशयावर नेलंच नव्हतं. दर जूनमध्ये राकसकोपची पातळी किती वाढली हे तुमच्या पेपरात आम्ही सगळे वाचतो आणि जलाशय बघितलेले किती जण असतील?

मग आम्ही घरात ठरवलं, महिन्यातला एक रविवार जवळपास कुठंतरी जायचं, सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी. मी, मुलगी, जाऊबाईंचा मुलगा आणि आमच्या सासूबाई. पहिलं राकसकोपच केलं. बांधाकडं बघत मुलीला सांगितलं की हे मार्कंडेय नदीचं पाणी, हीच नदी पुढं गोकाक तालुक्यात जाते आणि गोडचिनमलकीला धबधबा होऊन पडते, तर ती म्हणाली मग आपण तिच्या मागं मागं जाऊया की. ते अजून राहिलंय.

सगळ्यात जास्त मनात राहिलं ते हलशी. बेळगावपासून चाळीसेक किलोमीटर असेल. आम्ही खानापूरला बस बदलून गेलो, कर्नाटकात बायकांना मोफत बस देणाऱ्या शक्ती योजनेमुळं आम्हा तिघींना तिकीट लागलं नाही, पैसे फक्त पोराचे. माझं लग्न होऊन या भागात चौदा वर्षं झाली, गोव्याला कितीदा गेले त्याचा हिशेब नाही, हलशीला पहिल्यांदा गेले. ही कदंब राजांची दुसरी राजधानी, जुनं नाव पलाशिका. भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे तिथं, त्याची गंमत अशी की दोन गाभारे समोरासमोर. मध्ये मंडपात उभं राहिलं की एका बाजूला बसलेला नारायण आणि तोंड फिरवलं की दुसऱ्या बाजूला वराह, चांगला पाच फुटाचा. त्याच्या सुळ्यावर पृथ्वी म्हणजे भूदेवी असते हे मी पोरांना आधी सांगून ठेवलं होतं, तर दोघं अंधारात डोळे बारीक करून तिला शोधत बसली आणि सापडल्यावर मुलगी कुजबुजली, आई, ती केवढीशी आहे गं! ही मूर्ती ११८६-८७ साली बसवली, म्हणजे आठशे वर्षांवर झाली. सासूबाईंचे गुडघे दुखतात तरी त्या प्रत्येक खांबाला हात लावून बघत होत्या, काळा गुळगुळीत दगड, बाहेर ऊन आणि हाताला थंडगार. म्हणाल्या जात्याच्या दगडाला टाकी लावायची तर किती वेळ लागतो मला ठाऊक आहे, हे कसं केलं असेल? हे सगळं आम्हाला नीट समजलं ते देवळात भेटलेल्या गावच्या एका आजोबांमुळं, त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवून तासभर आम्हाला फिरवलं. ते भेटले नसते तर आम्ही पाया पडून दहा मिनिटांत परत आलो असतो.

येताना नंदगडला उतरलो. २६ जानेवारी १८३१ ला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी इथं फाशी दिलं. समाधीजवळच्या वडाला लाकडी पाळणे बांधलेत, हातभर लांबीचे, काही नवीन रंगाचे काही पावसानं काळे पडलेले, मूल व्हावं म्हणून लोक नवस बोलतात. पोरगा सारखा विचारत होता, फाशीच्या जागी पाळणे का? मला उत्तर नीट देता आलं नाही पण तो प्रश्न त्याला वॉटरपार्कात पडला नसता एवढं नक्की.

आणि गावातल्या गावात तर किती आहे. किल्ल्यात १२०४ मधली कमल बस्ती म्हणजे जैन देऊळ, छताला दगडाचं उलटं कमळ, मान दुखेपर्यंत बघत राहावं असं. टिळकवाडीत काँग्रेस विहीर, १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आपल्या बेळगावात आणि रोज त्या विहिरीसमोरून ट्यूशनला जाणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं. येळ्ळूरचा राजहंसगड आहे, कित्तूर आहे, लांब जायचंच तर गोकाकचा धबधबा आहे.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझं हात जोडून सांगणं आहे की पाचवी ते आठवीची सहल तालुक्यातली किंवा फार तर जिल्ह्यातली काढा, आधी वर्गात अर्धा तास त्या जागेची माहिती द्या, आणि गावातलं एखादं जाणतं माणूस सोबत घ्या, अशी माणसं आहेत, विचारलं तर आनंदानं येतात. डबा घरून, भाकरी चटणी चालते मुलांना. मात्र पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवर पोरांना न्या असं मी अजिबात म्हणणार नाही, पाय घसरून बुडाल्याच्या बातम्या तुम्हीच छापता.

आणि तुम्हाला एक विनंती. शनिवारच्या अंकात एक चौकोन द्याल का, एक जागा, जायचं कसं, बस कुठून आणि परतीची शेवटची बस किती वाजता, प्यायचं पाणी आणि बायकांसाठी शौचालय आहे की नाही. शेवटच्या दोन गोष्टी कुणी सांगत नाही आणि त्याच्यासाठीच आमच्यासारख्या बायका पोरांना घेऊन निघायला कचरतात. हलशी आणि राकसकोपची माहिती मी लिहून द्यायला तयार आहे.

– एक पालक, शहापूर, बेळगाव